उजव्या काठापलीकडे

तिसरा मॉनिटर उचलून नेला तेव्हा तो पाणी प्यायला गेला होता. परत आला तर टेबलाच्या उजव्या बाजूला धुळीचा एक चौकोन, त्यात मॉनिटरच्या पायाचा गोल ठसा आणि टोक वर करून पडलेली एक वायर. कॉम्प्युटर सांभाळणारा गृहस्थ मॉनिटर काखेत मारून दाराशी पोचलाही होता. वरून निरोप आहे, तो जाता जाता म्हणाला, आता प्रत्येकाला दोनच, नवीन माणसं बसवायचीत. त्याने मान डोलावली. भांडणाऱ्यांतला तो नव्हताच. कुणी पायावर पाय दिला तरी आपलाच पाय आधी मागे घेणाऱ्यांतला होता. खुर्चीत बसून त्याने समोर पाहिलं. उजव्या स्क्रीनवर इतकी वर्षं हाताने बसवल्यासारख्या बसलेल्या सगळ्या खिडक्या मधल्या स्क्रीनवर येऊन एकमेकींच्या अंगावर पडल्या होत्या. कुणाचा कोपरा दिसत होता, कुणाचं नुसतं डोकं, कुणाचं काहीच नाही. घर बदलताना सामान रस्त्यावर येतं आणि आपली गादी, आपली मोडकी खुर्ची येणाऱ्याजाणाऱ्याला दिसते, तेव्हा जी लाज वाटते ती त्याला वाटली. एवढ्याशा गोष्टीची एवढी लाज कशाला, हेही वाटलं, पण ते नंतर.

थंड माल नेणाऱ्या गाड्यांवर दुरून नजर ठेवायची, हे त्या ऑफिसचं काम. गाडीत औषधं असोत, मासळी असो की फुलं, आतली थंडी कमी होऊ लागली की इथे बसलेल्या माणसाने ड्रायव्हरला फोन करून जागं करायचं. डाव्या स्क्रीनवर नकाशा आणि त्यावर रांगणारे गाड्यांचे ठिपके. मधल्या स्क्रीनवर एकेका गाडीच्या तापमानाची रेघ. आणि उजवीकडे, त्याच्या भाषेत, थांबू शकेल ते सगळं: ड्रायव्हरांचे निरोप, पाळ्यांचं वेळापत्रक, वरच्यांच्या सूचना. बाकीचे लोक खिडक्या उघडायचे, हरवायचे, शोधायचे आणि कॉम्प्युटरला शिव्या द्यायचे. त्याच्याकडे मात्र काठाला काठ लागलेला, मधे फट म्हणून नाही. कुणी किती जागा घ्यायची, कुणी कुणाखाली राहायचं, कुणाची नुसती वरची कड दिसली तरी भागेल, हे सगळं ठरलेलं. म्हणून हॉलमध्ये त्याला गवंडी म्हणत. कुणाची खिडकी हरवली की गवंड्याला हाक जायची, आणि तोही कौतुकाचा भुकेला, लगेच उठायचा. त्या माणसाच्या खांद्यावरून वाकून कीबोर्डवरची तीन बटणं एकदम दाबायचा, आणि काठाबाहेर कुठेतरी जाऊन बसलेली खिडकी सरकत सरकत समोर यायची. दिसत नाही म्हणजे ती बंद झालेली नाही, असं तो समजावून सांगायचा. ती शेवटची जिथे होती तिथेच उघडते, आता ती जागाच राहिली नाही हे तिला कोण सांगणार. ऐकणाऱ्याला गंमत वाटायची. स्वतःचा अभिमान वाटावा अशी ही एकच गोष्ट त्याच्याकडे होती, आणि ती काही घरी जाऊन बायकोला सांगण्यासारखी नव्हती.

उजव्या स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात, वेळापत्रकाच्या शेजारी, रोज दुपारी बाबा असायचे. बाबा दुसऱ्या शहरात, ताईच्या घरी होते. एका सकाळी उठता उठता त्यांचं उजवं अंग आणि बोलणं एकदमच गेलं होतं. ज्या माणसाने जन्मभर सलून चालवलं आणि कात्रीपेक्षा जीभ जास्त चालवली, त्याचीच वाचा जावी, यात कुणी काय साधलं ते देव जाणे. डॉक्टर म्हणाले होते, यांना समजतं सगळं, फक्त बाहेर येत नाही. ताई हे वाक्य भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायची. त्याला मनातून वाटायचं, समजत नसलेलंच बरं. समजत असेल तर ते फारच झालं. दुपारच्या कॉलची कल्पना ताईचीच. तिची कामं उरकेपर्यंत बाबांच्या पलंगापुढे टॅब उभा करून ठेवायचा आणि त्यात हा. बोलायला नको की काही नको, तू आपलं काम कर, त्यांना तू दिसलास की पुरे, असं ती म्हणाली होती. मग त्यानेही सोय करून टाकली. ताईचा कॉल आपोआप उचलला जाईल असं लावून ठेवलं, म्हणजे गाड्यांच्या गडबडीत माऊस शोधायला नको. खिडकी आपल्या कोपऱ्यात उघडली की तो आपला माइक बंद करायचा. तिकडचा आवाज तर कायमचाच बंद होता, कारण तिकडून खोकल्याशिवाय आणि लांबच्या भांड्यांशिवाय काही येत नसे. कॅमेऱ्याचा हिरवा दिवा डोळ्यात खुपायचा, त्यावर त्याने काळी पट्टी चिकटवली होती. ऑफिसलाही बाबांची सवय झाली. शेजारच्या टेबलावरचा माणूस पूर्वी शिकवण्या घ्यायचा म्हणून त्याला सगळे मास्तर म्हणत. तो जेवून आला की खुर्चीतून वाकून कोपऱ्यातल्या बाबांना हात करायचा. बाबा त्याच्याकडे बघायचे, किंवा बघत असावेत.

मुळातला घोळ असा होता की कॅमेरा मधल्या मॉनिटरच्या डोक्यावर आणि बाबा उजवीकडे. त्याने बाबांकडे बघितलं की बाबांना त्याचा फक्त गाल आणि कान दिसायचा. त्याने गाड्यांच्या रेघांकडे बघितलं की बाबांना वाटावं, हा आपल्याकडेच बघतोय. हे लक्षात आल्यापासून तो त्या कोपऱ्याकडे बघेनासाच झाला. बाबांच्या समाधानासाठी, असं त्याने स्वतःला पटवलं, आणि स्वतःला पटवण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. सलूनमध्ये याच्या अगदी उलट असायचं. शाळा सुटल्यावर तो तिथल्या बाकावर जाऊन बसायचा. बाबा गिऱ्हाइकाच्या मागे उभे, त्यांची पाठ त्याच्याकडे. पण समोर भिंतभर आरसा. गिऱ्हाइकाशी गप्पा मारता मारता, हात चालू असताना, ते आरशातून त्याच्याकडे बघत. तो नुसता पाय हलवत बसला की भुवई वर जायची, पुस्तक काढलं की खाली यायची. पाठ आहे म्हणून नजर नाही असं समजू नकोस, असं एकदा ते हसत म्हणाले होते आणि सगळी गिऱ्हाइकंही हसली होती. त्याला त्या आरशाचा राग यायचा. मोठा होऊन अशा ठिकाणी काम करीन जिथे माझ्याकडे कुणी बघणार नाही, असं त्याने तेव्हा ठरवलं होतं, आणि आता ते त्याला आठवलं की हसू यायचं, पण चांगलं हसू नाही. मागच्या भेटीत ताई म्हणाली, त्यांची दाढी तू कर, माझ्या हातून कातडी ओढली जाते. त्याने फेस लावला, ब्लेड धरलं. गिऱ्हाईक अशा वेळी डोळे मिटून घेतं. बाबांनी मिटले नाहीत. ते त्याच्या मनगटाकडे बघत राहिले, कुठे वळतंय, कुठे चुकतंय. हनुवटीखाली थोडं कापलं. बाबांच्या घशातून एक आवाज आला, तो हसण्याचा की दुखण्याचा हे त्याला कळलं नाही. पुढच्या खेपेला दाढीचं मशीन घेऊन यायचं, असं त्याने परतीच्या वाटेवर ठरवलं. ती पुढची खेप अजून आली नव्हती.

त्या दिवशी सकाळ आवराआवरीत गेली. तिघांचं सामान दोघांच्या खोलीत मावत नव्हतं. वेळापत्रक नकाशाखाली गेलं, निरोप रेघांच्या पायाशी आले, सूचना त्याने सरळ बंदच करून टाकल्या. मधेच त्याने दोन खिडक्या नव्याने उघडल्या, त्या उघडल्या पण दिसल्या नाहीत. तीन बटणं दाबताच उजव्या काठातून निमूट आत आल्या. तेव्हा त्याला बरं वाटलं, की मॉनिटर नेला तरी विद्या नेली नाही. दुपारी, नेहमीच्या वेळेला, खालच्या पट्टीत बाबांच्या कॉलचं चिन्ह उजळलं. खिडकी आली नाही. त्याने चिन्हावर टिचकी मारली, परत मारली. त्याचा हात त्या तीन बटणांकडे गेलाही. एवढ्यात एका गाडीची रेघ वर चढायला लागली. त्याने ड्रायव्हरला फोन लावला, दार नीट लागलंय का बघायला लावलं, रेघ खाली येईपर्यंत थांबला, फोन ठेवला. आणि हात परत त्या बटणांकडे गेला नाही. कॉल लागला नसेल, प्रोग्रॅम अडकला असेल, मशीनला तरी किती ताण द्यायचा. असं सगळं तो मनात म्हणाला, आणि म्हणतानाच त्याला माहीत होतं की आपण नुसतं म्हणतोय. उजवीकडे आता भिंत होती, कोरी, फिकट पिवळी. किती तरी दिवसांनी दुपारी त्याच्या मानेचा उजवा भाग सैल झाला. त्याने टेबलाखाली पाय लांब केले, बूट काढले, डबा उघडून सावकाश जेवला. भिंतीकडे बघत जेवायला इतकं सुख असतं हे त्याला ठाऊक नव्हतं.

मास्तर जेवून आला, सवयीने वाकला, हात करायला गेला आणि भिंत बघून ओशाळला.

"आज बाबा नाहीत?"

"लागला नाही कॉल."

मास्तर बसला. मॉनिटर नेल्याबद्दल त्याने वरच्यांना एक शिवी हासडली, आपला डबा पुसून ठेवला आणि सहज विचारावं तसं विचारलं, की बाकी बाबांचं कसं काय. एरवी त्याने 'तसंच' म्हणून विषय संपवला असता. पण मान सैल होती, पोट भरलं होतं, आणि उजवीकडे कुणी नव्हतं.

"खरं सांगू मास्तर? आज बरं वाटतंय. रोज दुपारी ते तोंड समोर आलं की माझा घास घशातच अडकतो. आता उरलंय काय त्यांच्यात? एकदाचे सुटले तर सगळेच सुटू. ते, ताई, मी. ताईचा फोन वाजला ना, की मला आधी वाटतं, झालं. आणि नसलं झालं की वाईट वाटतं."

मास्तरने आपली खुर्ची थोडी जवळ ओढली. मग म्हणाला, असं सगळ्यांनाच वाटतं, बोलत कुणी नाही. त्याने फार समजुतीने हे म्हटलं, आणि तो ऐकून इतका हलका झाला की त्याला मास्तरचा हात हातात घ्यावासा वाटला. घेतला नाही. कामाला लागला. दुपारभर तो उत्साहात होता, एका ड्रायव्हरशी त्याने थट्टामस्करीही केली.

उन्हं उतरल्यावर त्याचं लक्ष खालच्या पट्टीकडे गेलं. बाबांच्या कॉलचं चिन्ह अजून उजळलेलंच होतं. अडकलेला प्रोग्रॅम घरी जाण्याआधी बंद करावा म्हणून त्याने त्यावर टिचकी मारली, आणि बंद करायच्या ऐवजी हाताने सवयीने ती तीन बटणं दाबली. उजव्या काठातून बाबा सरकत आत आले. कोपऱ्यातल्यापेक्षा कितीतरी मोठे, रेघांवर पसरलेले. ते कॅमेऱ्यात बघत होते. खाली कॉलचा वेळ पळत होता, दुपारपासूनचा. आणि माइकच्या चिन्हावर, जिथे रोज तो स्वतः लाल रेघ मारायचा, तिथे रेघ नव्हती, कारण रेघ मारायला आज खिडकीच नव्हती. त्याला हे सगळं एकदम दिसलं, जसं एखाद्या गाडीची पूर्ण दिवसाची रेघ एका नजरेत दिसते. कुठे बिघडलं आणि कोण बघत नव्हतं, सगळं. बाबांच्या उजव्या डोळ्यातून पाणी आलेलं होतं. पण ते पाणी रोजच यायचं, त्यावरून काही सांगता येत नसे. अर्धं तोंड नेहमीसारखं ओघळलेलं, अर्धं मिटलेलं. तो खुर्चीत सरळ बसला, शाळेतल्यासारखा. काहीतरी बोलावं म्हणून त्याने ओठ उघडले, आणि माइक चालू आहे हे आठवून मिटले.

तेवढ्यात ताई पदराला हात पुसत टॅबसमोर आली. त्याने घाईघाईने तिकडचा आवाज सुरू केला. ती म्हणत होती, आज तुझा आवाज येत होता रे, मी मोरीत होते, शब्द काही कळले नाहीत, पण बरं केलंस बोललास. "अगदी कान देऊन ऐकत होते. एवढं लक्ष कशात नसतं त्यांचं. काय सांगत होतास?"

"ऑफिसचं," तो म्हणाला.

घरी जाताना त्याने स्वतःसमोर वकिली केली. टॅबचा आवाज बारीक असेल. मास्तर शेजारी होता म्हणून आपण हळूच बोललो असू. बाबांना ऐकू गेलं तरी लागलं नसेल, लागलं तरी लक्षात राहणार नाही. मॉनिटर नेलाच नसता तर हे घडलंच नसतं. प्रत्येक मुद्दा खरा वाटायचा आणि पुढच्या चौकापर्यंत टिकायचा नाही. कारण मॉनिटर त्यांनी नेला होता, पण तीन बटणं त्याच्या बोटांखाली होती. इतरांच्या हरवलेल्या खिडक्या उठून जाऊन आणून देणारा तो, आणि आपली एक हरवल्यावर तो भिंतीकडे बघत जेवला होता. त्याला स्वतःची भयंकर किळस आली. आणि त्याहून वाईट हे, की ते वाक्य खोटं होतं असं त्याला म्हणता येईना. माफी मागायची तर कशाची मागायची? तुम्ही ऐकलंत त्याची?

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात पोचतो न पोचतो तोच ताईचा फोन आला. या वेळी त्याला 'झालं' असं वाटलं नाही. तो दारातच थांबला. ती म्हणाली, बाबा कालपासून तोंड उघडत नाहीत. जेवण नाही, औषध नाही, पाण्याचा चमचा लावला तरी दात मिटलेले. डॉक्टर येऊन गेले, घशाला काही नाही म्हणतात, आज असंच राहिलं तर नळी घालायला लागेल. मी रागावून बघितलं, रडून बघितलं, तिचा आवाज दमलेला होता. तू सांग. काल तुझं एवढं ऐकत होते, तुझं ऐकतील.

त्याने कॉल लावला. खिडकी त्याने मधल्या स्क्रीनवर घेतली, अगदी वर, कॅमेऱ्याच्या पायाशी, तापमानाच्या रेघांवर. इतक्या दुपारी गेल्या आणि हे एकदाही सुचलं नव्हतं. आता तो बाबांकडे बघत होता आणि बाबांनाही तो आपल्याकडे बघताना दिसत असणार. बाबांची दाढी वाढली होती. मानेमागे दोन उशा. ताई पलंगाच्या कडेला बसली होती, एका हातात चमचा, दुसऱ्या हाताने त्यांचा डावा हात धरलेला. बघा कोण आलंय, ती लहान मुलाला सांगावं तसं म्हणाली.

"बाबा, जेवा."

बाबा बघत होते.

"जेवा ना बाबा. माझं ऐका."

ताईने चमचा ओठांशी नेला. ओठ मिटलेले. त्याला वाटलं, ताईला जरा बाहेर जायला सांगावं. पण ती इतक्या आशेने टॅबकडे बघत होती की ते तोंडून निघेना. इकडे मास्तर स्वतःच्या रेघांकडे फारच लक्ष देऊन बघत होता. त्याने आवाज अगदी खाली आणला.

"बाबा, मी काल जे बोललो..."

ताईने मान वर केली. "काय बोललास?"

"काही नाही. ऑफिसचं."

बाबांची नजर त्याच्यावरून हलली नाही. तीत राग नव्हता. राग असता तर त्याने तो घेतला असता, लहानपणी घ्यायचा तसा मान खाली घालून. ते त्याच्याकडे असे बघत होते, जसं काम पुरं झाल्यावर गिऱ्हाइकाच्या डोक्याकडे शेवटचं बघून घेत, मागून पुढून, आणि मग अंगावरचं कापड सोडून झटकत. चादर हलली. चादरीखालून हात बाहेर आला, थरथरत, कोपरातून नीट वळेना, पण येत राहिला. हात टॅबकडे येतोय हे बघून त्याच्या छातीत काहीतरी उचंबळून आलं. गालाला हात लावणार आहेत, त्याला वाटलं. काचेला का होईना. तो पुढे वाकला. बोट मोठं होत होत अर्ध्या खिडकीएवढं झालं, क्षणभर त्यावरच्या रेषा दिसल्या, आणि खिडकी बंद झाली. मागे तापमानाच्या रेघा होत्या, सगळ्या जागच्या जागी.

फोन लगेच वाजला. ताई हसत होती, की रडत होती. "बघितलंस का रे? उजवा. उजवा हात होता तो, डावा तर मी धरला होता. व्यायाम घेणाऱ्या बाई इतके महिने मागे लागल्यात, एक बोट उचला, एक बटण दाबा म्हणून. तसूभर हललं नव्हतं. आणि आज आपलं आपण उचलून बरोबर लाल बटण दाबलं. बरोबर तेच, रे. म्हणजे समजतं त्यांना, मी म्हणत नव्हते?"

"जेवले का?" त्याने विचारलं.

"जेवतील आता. हात हलला म्हणजे सगळं होईल. तुझ्यामुळे झालं हे, ऐकतोयस ना?" मागे कुठेतरी ती बाबांना म्हणत होती, परत एकदा करून दाखवा, परत एकदा. मग पुन्हा फोनवर आली. "दुपारी परत लावते हं कॉल."

तो हो म्हणाला.